लहानपणी पडद्यावर पाहिलेलं आणि अजून न गेलेलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिनेमा-मालिकांच्या आवाजाचं काम करते. अंधेरीतल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसून दारं करकरवायची, पावलं वाजवायची आणि ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होईल अशा जागी शांतता पेरायची. हॉररचंही मिक्सिंग केलंय असं कळलं की समोरचा माणूस हमखास खुर्ची पुढे ओढतो. “अहो, लहानपणी मी एक पाहिलं होतं ना…” लग्नाच्या पंगतीत, ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात, एकदा तर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात आरसा ठेवूनच सांगायला सुरुवात केली. गोष्टी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, प्रश्न मात्र तेच ते. म्हणून एकदा उत्तरं लिहून टाकते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही; जिथे त्यांचं काम आहे तिथे तसं सांगितलंय.

भुताचा सिनेमा पाहिला की मूल घाबरणारच. त्यात एवढं बोलण्यासारखं काय आहे?

घाबरणं वेगळं आणि ती भीती घरी मुक्कामाला येणं वेगळं. दिवे लागले, बाहेर येऊन वडापाव खाल्ला की जी जाते तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सगळ्यांची तशी जात नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर या दोघींनी दीडशेच्या आसपास कॉलेजच्या विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं होतं. दहातल्या नवांनी असा एखादा अनुभव सांगितला, आणि साधारण चौथा हिस्सा म्हणाला की त्याचा त्रास अजूनही होतो.

आमची लालबागची चाळ. संडास गॅलरीच्या टोकाला, बावीस दारं ओलांडून. १९९३ मध्ये केबलवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. एपिसोड संपल्यावर नेमकं जायची वेळ व्हायची. हातात टमरेल, वर चाळीस वॅटचा एक पिवळा दिवा, आणि अठराव्या दारापुढे तोही नाही. पाणी सांडू नये म्हणून धावता यायचं नाही. त्या शोमधली भुतं मला आज एकही आठवत नाही. हॉटेलातल्या लांब पॅसेजमधून चालताना मात्र मी अजून दारं मोजते.

आम्हाला तर झोपायला पाठवायचे. मग हे सगळं आमच्या डोक्यात आलं कुठून?

झोपायला पाठवायचे म्हणजे कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत दुसरीकडे कुठे जाणार? त्याच खोलीत, टीव्हीकडे पाठ करून, डोक्यावरून गोधडी घेऊन. टीव्ही दोन हातांवर आणि मोठी माणसं मधल्या मध्ये “झोपली का बघ गं” म्हणत पुढचं बघायला मोकळी.

माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगते. चित्र बंद करून नुसता आवाज ऐकवला तर बहुतेक हॉरर जास्त भीतीदायक होतो. आवाज बंद करून नुसतं चित्र बघितलं तर बहुतेक हॉरर विनोदी होतो. चित्राला चौकट असते, डोळे मिटता येतात. कानाला पापणी नाही. गोधडीखालच्या मुलाला हाड मोडल्याचा आवाज येतो (तो आम्ही सेलरीचा किंवा गाजराचा दांडा पिळून काढतो), किंकाळी येते, आणि मधलं सगळं ते मूल स्वतः रचतं. म्हणजे आईवडिलांनी वाचवायला म्हणून जे केलं, त्याने आमचं जास्त वाटोळं झालं. त्यांना दोष देत नाही. त्या खोलीत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

१९९५ ला सोनीवर ‘आहट’ आली. तिचं तर नावच आवाजाचं. मी या धंद्यात आले त्याचं थोडं श्रेय गोधडीखाली ऐकलेल्या त्या मालिकेला द्यायला हवं.

रामसे बंधूंचे सिनेमे आता पाहिले तर हसू येतं. तेव्हा एवढं काय वाटलं?

‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा. यातला एकही मी लहानपणी पाहिला नाही, तरी तिन्हींची भीती मला होती. कारण पोस्टर. शाळेच्या वाटेवर पुलाखालच्या भिंतीवर ती लागायची, पावसाने अर्धी सोलवटून निघायची, आणि ‘पुराना मंदिर’मधल्या सामरी नावाच्या राक्षसाचा निम्मा चेहरा दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाच्या हिरोइनच्या खांद्यावर उरायचा. असा सिनेमा रामसेंनाही सुचला नसता.

पुढे कळलं की सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. ही माहिती मी बऱ्याच जणांना औषधासारखी देते. लागू पडते असं नाही.

‘झपाटलेला’ तर विनोदी सिनेमा. त्याला का घाबरायचं?

हा प्रश्न नेहमी न घाबरलेली माणसं विचारतात. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. लक्ष्या आहे, धमाल आहे, आख्खं थिएटर हसतंय. आणि आईच्या मांडीवरचं पाच वर्षांचं पोर गोठलेलं. आजूबाजूला सगळे हसत असताना घाबरणं हे एकट्याने घाबरण्यापेक्षा वाईट, कारण मग रडायचीही लाज वाटते.

शिवाय तात्या विंचू हा बाहुला. भूत वाड्यात राहतं, जंगलात राहतं; चाळीतल्या मुलाला वाड्याशी काय देणंघेणं? बाहुला मात्र घरात असतो, पेटीवर, कपाटावर, तुमच्या उशाशी. तो बनवला रामदास पाध्ये यांनी. म्हणजे ज्या घराण्याच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्यावर आम्ही जीव टाकला, त्याच हातांनी हाही केला. हा विश्वासघात आमच्या पिढीने अजून पूर्ण पचवलेला नाही.

आणखी एक, हे माझं स्वतःचं मत. त्या वर्षीच्या सुरुवातीला मुंबईत दंगल चालू होती. १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, त्यात दादरचं प्लाझा थिएटरही होतं. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्ही आलो की गप्प व्हायची. कशाला घाबरायचं ते कुणी सांगत नव्हतं. त्या भीतीला एक बाहुला सापडला.

तुमच्या स्वतःच्या डोक्यात नक्की काय राहिलंय?

भूत नाही. मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ नावाचा कार्यक्रम लागायचा. हरवलेल्या माणसांचे फोटो आणि माहिती. नाव, वय, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात पांढरा सदरा व खाकी पँट, मराठी व हिंदी बोलतो. फोटो बहुतेक लग्नाच्या किंवा शाळेच्या ग्रुपमधून कापून मोठे केलेले, त्यामुळे नाक-डोळे पुसट आणि कडेला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा. वाचणाऱ्यांचा आवाज सपाट, कांद्याचे भाव सांगावेत तसा. घरात त्या वेळी कुणीच टीव्हीकडे बघत नसे. आई भाजी निवडायची, आजोबा पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत अडकित्ता चालवायचे. मी बघायचे.

गणपतीत आमच्या लालबागमध्ये मुंगीला शिरायला जागा नसते, आणि लाउडस्पीकरवरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारतात. निळा फ्रॉक घातलेली, स्वतःचं नाव अमुक सांगणारी मुलगी पोलीस चौकीत आहे. ते ऐकलं की माझ्या डोक्यात लगेच तो कार्यक्रम सुरू व्हायचा आणि फोटोच्या जागी मी. म्हणून दर्शनाला निघताना मी स्वतःचं वर्णन पाठ करायचे: पिवळा फ्रॉक, पायात काळ्या सँडल, उजव्या गुडघ्यावर जखम. आज माझं वय चाळीसच्या पुढे आहे. घराबाहेर पडताना अंगावर काय आहे ते एकदा मनात म्हटल्याशिवाय मी लॅच ओढत नाही.

ज्याला मोठी माणसं भीतीदायक समजतात त्याच्याबद्दल निदान कुणीतरी विचारतं, “घाबरलीस का?” भाजी निवडता निवडता जे लागलेलं असतं त्याबद्दल कुणी विचारत नाही. मला आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींतल्या निम्म्याहून जास्त अशाच आहेत.

कुठल्या वयात कशाची भीती वाटते, याचा काही नियम आहे का?

कँटरबाईंनी यावर बरीच वर्षं काम केलं. ढोबळ मानाने, सात-आठ वर्षांपर्यंत दिसण्याची भीती. रूप बदलणं, विद्रूप चेहरा, अचानक आवाज. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ मालिकेत साधा माणूस हिरवा राक्षस होतो. तो चांगल्यांच्या बाजूने आहे हे लहान मुलांच्या गावीही नसतं, ती घाबरतात ती बदलताना पाहून. मोठी मुलं घाबरतात ती खरंच घडू शकेल अशा गोष्टींना. १९८३ मध्ये अमेरिकेत अणुयुद्धावरचा ‘द डे आफ्टर’ टीव्हीवर दाखवला, तेव्हा सगळ्यात कमी अस्वस्थ झाली ती लहान मुलं, आणि सगळ्यात जास्त त्यांचे आईबाप.

माझ्या थोरल्या भावाचं उदाहरण घ्या. दूरदर्शनवर १९८८ मध्ये गोविंद निहलानींची फाळणीवरची ‘तमस’ लागली. सुरुवातीलाच ओम पुरी एका बंद खोलीत डुकराला मारायची धडपड करतो. मी चार-पाच वर्षांची. मला म्हणे डुक्कर पळतंय याची गंमत वाटली. दादा दहाचा. त्याने पुढे कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून झोपायला नकार दिला. ती मालिका दाखवावी की नाही यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला होता. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः ती पाहून परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली. निकाल योग्यच होता असं मी म्हणेन. दादाही आज तेच म्हणतो. पण तेव्हा त्याच्या शेजारी बसून, हे काय चाललंय, का चाललंय, हे सांगणारं कुणी नव्हतं.

सेन्सॉरची सर्टिफिकेटं असतात ना? मग?

असतात. १९५२ च्या कायद्याने आधी ‘यू’ आणि ‘ए’ होती, १९८३ मध्ये ‘यूए’ आलं. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले. ओटीटीला साधारण तशीच वर्गवारी २०२१ पासून लागू आहे, वर लॉकची सोय. टीव्ही मालिकांना असं सर्टिफिकेट तेव्हाही लागत नव्हतं आणि आजही लागत नाही.

सर्टिफिकेट सिनेमाला मिळतं, मुलाला नाही. तुमचं सात वर्षांचं पोर कशाला दचकेल हे बोर्डाला कळणं शक्य नाही. लॉकचं म्हणाल तर आमच्याकडे पिन माझ्या मुलीनेच सेट करून दिला.

रडवणारे सिनेमे यात मोजायचे का?

मोजायचे. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. संस्कार म्हणून शाळाशाळांतून मुलांना रांगेने नेऊन दाखवला. माझ्या मावशीने तो दुसरीत असताना पाहिला आणि त्यानंतर वर्षभर रात्री उठून आजीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का ते बघत राहिली. सिनेमा थोर आहे यात शंका नाही. आई मरते हे सातव्या वर्षी अंधारात, शंभर मुलांमध्ये बसून कळावं का, हा प्रश्न निराळा.

बातम्यांचं काय?

सगळ्यात वाईट. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे ते दिवस ज्या घरात लहान मूल होतं त्यांनी आठवून पाहा. टीव्ही बंदच झाला नाही. माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा. ताजच्या घुमटातून निघणारा धूर चॅनेलवाले पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, “परत आग लागली.” आम्हाला ते एकच दृश्य होतं. त्याच्या हिशेबात ताज शेकडो वेळा पेटला. त्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कडक शब्दांत टीका केली आणि २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना ती थेट दाखवायला बंदी आहे. तो नियम सुरक्षेसाठी केला. भाच्यासाठी कुणी केला नाही.

घरात मूल असेल तर बातम्या वाचा. टीव्ही लावू नका.

सिनेमाआधीच्या तंबाखूच्या जाहिराती?

तंबाखू दिसते अशा सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतराला त्या २०१२ पासून दाखवाव्याच लागतात. सुरुवातीला स्पंजासारखं फुप्फुस पिळून काळं डांबर ग्लासात काढायचे ती असायची, आणि गुटखा खाणाऱ्या तरुण मुलाची. आईबापांबरोबर सिनेमाला आलेली पोरं आधी ते बघायची. काहींनी त्यामुळे जन्मात सिगरेट ओढली नाही, तेव्हा नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

मला एक दृश्य आठवतं, पण सिनेमाचं नाव आठवत नाही. सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मी सगळ्यात जास्त वेळा इथेच हरते. शाळकरी मुलीच्या अंगात काहीतरी शिरतं असं आठवत असेल तर पद्मिनी कोल्हापुरेचा १९८० चा ‘गहराई’ बघा. अरुणा-विकास यांचा, लेखनात विजय तेंडुलकर. रविवारी दुपारी जेवणानंतर पेंगत पाहिलेलं, भाषा न समजलेलं आणि एका विहिरीपाशी संपलेलं असं काही असेल तर दूरदर्शनवर लागणाऱ्या प्रादेशिक सिनेमांपैकी एखादा असणार. तिथे माझा इलाज चालत नाही.

आणि शोधताना स्वतःवर फार विश्वास ठेवू नका. आठवण कॅसेटसारखी जशीच्या तशी वाजत नाही, दर वेळी नव्याने जोडली जाते. परळच्या एका काकांनी मला शपथेवर सांगितलं की पडद्यावरून ओघळणारं ते लालभडक रक्त ते विसरू शकत नाहीत. मी विचारलं, टीव्ही कुठला होता? काका गप्प झाले. घरचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. लाल त्यांनी नंतर भरलं.

आज रात्री माझं मूल घाबरून उठलंय. आता काय करू?

लहान असेल तर “असं काही नसतं रे” म्हणून उपयोग नाही. खरं-खोटं त्याला दिवसा नीट कळतं, रात्री नाही. जवळ घ्या, पाणी द्या, दिवा लावा, तुमच्या अंथरुणात घ्या. लाड होतील म्हणून घाबरू नका, एका रात्रीत लाड होत नाहीत. मोठं असेल तर सकाळी बोला, काय पाहिलं ते त्याच्या शब्दांत सांगू द्या. मधेच हसू नका. “एवढ्याला घाबरलास? मुलगा ना तू?” हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. माझ्याकडे येणारे पन्नाशीचे पुरुष सिनेमा विसरलेले असतात, हे वाक्य नाही.

माझा धंद्यातला उपाय : चार-पाच दिवसांनी, मूल तयार असेल तरच, तेच दृश्य भर दुपारी आवाज बंद करून दाखवा. मग त्यालाच आवाज काढायला सांगा. दार करकरवायला, किंकाळी मारायला. स्वयंपाकघरातलं गाजर मोडू द्या. भीतीचा आवाज आपणच करू शकतो हे हाताला कळलं की बराच फरक पडतो.

मी मोठा झाल्यावर तो सिनेमा पुन्हा पाहावा का?

बघा, पण एकट्याने आणि रात्री नको. बहुतेकांना हसू येतं, थोडं वाईटही वाटतं. काहींना मात्र डोकं हसत असताना तळहाताला घाम येतो. त्यात नवल नाही. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग भीतीची नोंद ठेवतो, आणि मागाहून आलेलं शहाणपण ती नोंद फारशी पुसू शकत नाही. वरून रंगाचा हात मारतं इतकंच.

डॉक्टरकडे कधी जायचं?

झोप, खाणं, शाळा यांवर परिणाम होऊन काही आठवडे झाले तर थांबू नका. मोठ्यांनाही हेच लागू. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. पडद्यावरच्या गोष्टीची भीती ही कधी कधी दुसऱ्या, खऱ्या गोष्टीचं झाकण असते. ते उघडणं तुमचं-माझं काम नाही.

तुमच्या मुलीला काय दाखवता, काय नाही?

मी फार जपलं. हॉरर नाही, बातम्या नाहीत, जाहिराती लागल्या की आवाज बंद. माझं कामही हेडफोनवरच. तरीही गेल्या वर्षी लक्षात आलं की फोन लावताना ती तो कानापासून वीतभर लांब धरते आणि पलीकडून “हॅलो” आल्यावरच कानाला लावते. मला वाटलं, आजकालच्या मुलांची स्टाइल असेल. विचारलं तर आधी सांगेना. मग म्हणाली, “लहान होते तेव्हा आजीला फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं.”

२०२० ची ती कोरोनाची कॉलर ट्यून. आम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकली, वैतागलो, त्यावर विनोद केले. ती पाच वर्षांची होती, आजी लालबागला एकटी होती, आणि रोज संध्याकाळी आजीशी बोलायला म्हणून फोन मी माझ्या हाताने तिच्या कानाला लावत होते.